मालक तळघरात, गिऱ्हाईक पलंगावर

मी पलंग बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण माझ्याजवळ आले की लोक आपोआप आवाज उतरवतात आणि मलाही तीच सवय लागली आहे. मी अक्रोडाच्या लाकडाचा, दोन माणसांचा, आणि माझी डोक्याकडची बाजू होडीच्या नाळीसारखी, म्हणजे तिच्या पुढच्या टोकासारखी, वाकलेली आहे.

मला घडवणाऱ्या श्पिरो मास्तरने जन्मभर होड्याच बांधल्या होत्या. पलंग कसा करतात याची त्याला फारशी कल्पना नव्हती. मला लग्नघरी पोचवताना तो म्हणाला होता, "कुरकुरेल थोडा, पण पाण्यात पडला तर तरंगेल." तेव्हापासून माझ्या मनात एक खूळ बसलं आहे. दुपारी खिडकीच्या फळ्यांमधून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येतं, समुद्राचा उजेड छतावर हलत राहतो, आणि मला वाटतं, मी होडीच आहे. कोणीतरी मला चुकून घरात ओढून ठेवलंय.

ते लग्न कुझ्मा आणि पेरिनाचं. कुझ्माचा द्राक्षांचा लहानसा मळा होता. पेरिनाची जीभ तिखट आणि हात कामाचे. त्यांचा एकुलता एक मुलगा येर्को माझ्यावरच जन्मला. सात वर्षांचा असताना त्याने वेली छाटायच्या चाकूने माझ्या डोक्याच्या फळीमागे, डाव्या कोपऱ्यात, एक बोटभर होडी कोरली. पेरिनाने त्याला चपलेने बडवला. पोरगं रडत रडत माझ्यावरच येऊन पडलं, पालथं, आणि एक हात फळीमागे घालून, होडीवर बोट ठेवून झोपी गेलं. पुढे कायम ते तसंच झोपायचं.

एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरतीचं बोलावणं आलं आणि येर्को मासेमारीच्या नावेतून इटलीला पळाला. तिथून ऑस्ट्रेलिया. परत आला असता तर धक्क्यावरच बेड्या पडल्या असत्या. तो येऊ शकत नव्हता म्हणून यांनाच जायला हवं होतं. पण मळ्याची तीन वर्षांची दारू विकली तरी एका विमान तिकिटाचे पैसे होत नव्हते.

मग बेटावर उन्हाळी पाहुणे येऊ लागले. एका संध्याकाळी पेरिनाने माझ्यावरची चादर काढून घेतली आणि नवी, इस्त्रीची घातली.

"ही कशाला?" कुझ्माने विचारलं.

"खोली भाड्याने द्यायची. जून ते सप्टेंबर."

"आणि आपण कुठे झोपायचं?"

"खाली तळघरात. दारूची पिंपं झोपतात, त्यांना काही होतं का?"

"वा! गिऱ्हाईक महालात, आणि राजाराणी पिंपांत," कुझ्मा म्हणाला. पण जुनी गादी उचलून खाली तोच घेऊन गेला.

असे अकरा उन्हाळे गेले. पाहुण्यांना खरी कॉफी, घरच्यांना भाजलेल्या जवाची. पाहुण्यांना ताजा मासा, घरच्यांना पालेभाजी आणि बटाटे, वर तेलाची धार. उशांचे अभ्रे पिठाच्या पोत्यांचे. पेरिनाने ते इतके उकळले की एका जर्मन बाईने नमुना म्हणून एक विकत नेला. पेरिना लव्हेंडरच्या सुवासिक फुलांच्या पुरचुंड्या विकायची, सुक्या अंजिरांच्या वड्या विकायची. पाणी काय ते हौदात साठवलेलं पावसाचंच, म्हणून अंघोळीला किती तांबे, हे ती प्रत्येक पाहुण्याला बोटांवर मोजून दाखवायची. कुझ्मा अर्धी सिगारेट ओढून उरलेली अर्धी कानामागे खोचायचा. आमच्या दिनारचं सकाळचं मोल संध्याकाळी राहत नसे, म्हणून पेरिना पाहुण्यांकडून जर्मन मार्कच घ्यायची आणि लव्हेंडरखाली पत्र्याच्या डब्यात ठेवायची.

माझं म्हणाल तर मी त्या दिवसांत खूप फिरलो. झोपलेल्या माणसाची स्वप्नं लाकडात झिरपतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. कोणाच्या स्वप्नात बर्फ पडायचा, कोणाच्या स्वप्नात ट्राम चुकायची. एक जाडा गृहस्थ रोज स्वप्नात आपल्या साहेबाला फैलावर घ्यायचा आणि सकाळी लोण्यासारखा मऊ होऊन उठायचा. सगळ्यांच्या स्वप्नांतून मी वल्ही मारत गेलो. पण खाली तळघरात काय स्वप्नं पडतात, ते मला कधी कळलं नाही आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

अकराव्या उन्हाळ्यात जे घडलं, ते पेरिनाने पुढे इतक्यांदा सांगितलं की त्या दिवशी मीच धक्क्यावर उभा होतो असं मला वाटतं.

दुपारची बोट लागली. बायका 'खोली' लिहिलेले फलक घेऊन उभ्या होत्या. पाठीवर बोचकं घेतलेली एक मुलगी उतरली आणि सरळ पेरिनाकडे आली. तिने तोंड उघडलं, पण पेरिना गिऱ्हाइकाला बोलू देईल तर ना!

"खोली? स्वच्छ! समुद्र पाच मिनिटं!" पेरिनाने आपल्या मोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केली. पाच कसली, पंधरा मिनिटं लागतात. "वीस मार्क. न्याहारी वेगळी. चल, चल, ऊन लागेल."

मुलगी "मी... मी..." करत राहिली. तोवर तिचं बोचकं पेरिनाच्या खांद्यावर गेलं होतं. घरी आल्यावर पेरिनाने आधी एका रात्रीचे पैसे घेतले, मग पाण्याचं व्याख्यान दिलं, खिडकीच्या फळ्या लावल्या आणि ती खाली गेली.

मुलगी माझ्या कडेला बसली. बराच वेळ भिंतीवरच्या उन्हाच्या पट्ट्या बघत राहिली. मग आडवी झाली आणि तिचा हात फळीमागे, डाव्या कोपऱ्यात गेला. तिने शोधाशोध केली नाही. तिचं बोट थेट होडीवर टेकलं.

ती होडी फक्त तीन माणसांना ठाऊक होती. दोघं खाली होती आणि तिसरं समुद्रापार. मुलगी थोडी रडली, मग प्रवासाने दमलेली ती तशीच झोपली, पालथी. तिच्या स्वप्नात लाल मातीचा रस्ता होता आणि दारात उभा असलेला एक माणूस होता. त्याची मान मी ओळखली.

मला ओरडायचं होतं. पण पलंगाला एकच भाषा येते. मी कुरकुरलो. जीव खाऊन कुरकुरलो.

खालून पेरिनाचा आवाज आला, "कुझ्मा, तो पलंग बघ बाबा. वीस मार्क देणारं गिऱ्हाईक आहे, उद्या तक्रार करेल."

कुझ्मा हातोडा घेऊन वर आला. दाराची कडी लागत नसे, त्यामुळे वाऱ्याने दार अर्धं उघडलं होतं. तो परत फिरणार, तेवढ्यात त्याला ती दिसली. पालथी झोपलेली, एक हात फळीमागे. तो हातोडा धरून उभाच राहिला. मग जिन्यापाशी जाऊन इतकंच म्हणाला, "पेरिना, वर ये."

"आता काय मोडलंस?"

"वर ये म्हणतोय ना!"

पेरिना आली. तिने पाहिलं आणि पहिली गोष्ट जी तिच्या तोंडून निघाली ती अशी, "अरे देवा! मी पैसे घेतले हिच्याकडून. तेही आगाऊ!"

आवाजाने मुलगी जागी झाली. तिचं नाव नेडा, येर्कोची मुलगी. पेरिना ती वीस मार्कांची नोट तिच्या हातात कोंबू लागली, तेव्हा नेडा आपल्या बेटाच्याच बोलीत, पण कोणी हल्ली बोलत नाही अशा जुन्या शब्दांत म्हणाली, "ठेव गं आजी. बाबा म्हणालेच होते, तुझ्याकडे फुकट फक्त चप्पल मिळते."

पेरिना हसली, आणि हसता हसता माझ्या पायथ्याशी बसून लहान मुलीसारखी रडली.

त्या संध्याकाळी डबा उघडला गेला. दीड तिकीट जमलं होतं.

"तू जा," कुझ्मा म्हणाला. "अर्ध्या तिकिटावर मी कुठे उतरू, समुद्रात?"

हिवाळ्यात, पाहुणे नसताना, पेरिना गेली. कुझ्मा दोन महिने माझ्यावर आपल्याच बाजूला झोपला, तिच्या बाजूची चादर त्याने चुरगळू दिली नाही. ती परतल्यावर फोटो पाहून झाले, घर कसं, सून कशी, सगळं झालं. मग कानामागची सिगारेट काढत त्याने विचारलं, "अजून पालथाच झोपतो का?"

"मला काय ठाऊक? बायकोपोरांचा माणूस तो. त्याच्या खोलीत डोकावू की काय?"

"म्हणजे एवढं सोन्यासारखं तिकीट काढून गेलीस आणि बघायचं तेवढंच राहिलं?"

पेरिना फोटो परत पाकिटात भरू लागली. जून लागताच तिने माझ्यावर इस्त्रीची चादर घातली आणि फलक घेऊन निघाली. जाताना म्हणाली, "तुझं तिकीट राहिलंय."

आणखी तीन उन्हाळे ती दोघं पिंपांत झोपली. मग सरकारचा कायदा बदलला आणि येर्कोलाच येता येईल असं कळलं. तो येणार होता ऑगस्टमध्ये, जेव्हा बेटावर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा भाड्याने जातं. एक रात्रही मला रिकामं न ठेवणाऱ्या पेरिनाने मला तीन दिवस आधीच मोकळं केलं. तो यायच्या दिवशी ती धक्क्यावर गेली ती सवयीने फलक घेऊनच. तिथे पोचल्यावर तिने तो उलटा धरला.

"खोली केवढ्याला?" एका प्रवाशाने विचारलं.

"भरलीय."

"कोणी घेतली?"

"मालकाने," पेरिना म्हणाली.

येर्को आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं. जेवला, माझ्याकडे आला, बूट काढले आणि आडवा झाला. ऊन पट्ट्यांनी आत आलं होतं, छतावर समुद्राचा उजेड हलत होता. थोड्या वेळाने कुझ्मा हातोडा घेऊन वर आला. मी अजिबात कुरकुरलो नव्हतो, तरी आला. दारात खूप वेळ उभा राहिला. मग खाली गेला, आणि जमिनीच्या फळ्यांतून मला ऐकू आलं.

"पालथाच."

"मग आता तो हातोडा ठेव खाली," पेरिना म्हणाली.

याला खूप वर्षं झाली. आता मी भाड्याने जात नाही. माझी एक पट्टी निखळली आहे, फळीला भुंगा लागला आहे. कुझ्माच्या तिकिटासाठी साठवलेल्या पैशांतून पेरिनाने पाहुण्यांसाठी दोन लोखंडी पलंग घेतले. ते चमकतात, पण त्यांना स्वप्नं झिरपत नाहीत. तुमच्याही घरी कोणासाठी तरी राखून ठेवलेलं काही चांगलं असेल. राखा, जरूर राखा. काटकसर केल्याशिवाय समुद्र ओलांडता येत नाही, हे मी पाहिलं आहे. पण कधीमधी, एखाद्या दुपारी, त्यावर तुम्हीही पाठ टेका. आता मला बोलू देऊ नका. पेरिना आणि कुझ्मा माझ्यावर झोपली आहेत, भर ऑगस्टमध्ये, आणि त्यांचं स्वप्न कुठे निघालंय ते मला पाहायचं आहे.