अर्धा कोयता, दीडशे किलोमीटर

ऊसतोडीत माणसं मोजत न्हाईत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं असलं की अर्धा. नवरा गेल्यापासून मी अर्धा कोयता हाय, आन आमचा मुकादम महारुद्र मला हाकबी तशीच मारायचा, "ए अर्ध्या!"

औंदा दसऱ्याच्या आधीच त्यानं वहीत लिवून टाकलं: दैवशाला आन भक्ती, एक कोयता. दैवशाला म्हंजे मी, भक्ती माझी लेक. चौदा वर्षांची, नववीत शिकायलीय. पुरा कोयता भरला की त्याचं कमिशन वाढतंय. पर मला इचारलं का? मसणात जावो त्याची वही!

परभणीला विजयमालाबाईंचं वसतिगृह हाय, तोडकऱ्यांच्या पोरींसाठी. बाई दरसाली सायकलींची फेरी काढतात. परभणीहून बोरी, जिंतूर, देवगाव फाटा, सेलू आन माघारी परभणी. दीडशे किलोमीटर, दिवस मावळायच्या आत. एक सायकल पुरी फिरून आली की देणगीवाले एका पोरीचं दहावीपर्यंतचं राहणं-खाणं उचलतात. डॉक्टर, इंजिनेर असली माणसं फिरतात. मी म्हनलं, "माझ्या पोरीसाठी मीच फिरते." बाई माझ्या साडीकडं बघत म्हनल्या, "सायकल येते का?"

"येईल की," म्हनलं.

गावातल्या शिवप्रसादनं त्याची दूध घालायची जुनी सायकल दिली. ताडकळसच्या रस्त्यावर रोज सकाळी शिकवायचा. पयल्या आठवड्यात इतक्या येळा पडले की गुडघ्याला कातडं म्हनून राहिलं न्हाई. जरा जमायला लागलं तवा गड्यानं मागं कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. म्हनला, "वयनी, वझ्यासगट चढ चढा. वझं उतरलं की सायकल पळती का न्हाई बघा." महिनाभर मी कडबा वढला.

एका सकाळी महारुद्र आडवा आला. "कुठं जायलीस गं, महारानी?" असं म्हनत केसाला धरून खाली वढलं. कानाखाली अशी ठेवून दिली की दाढ हलली. मग कोयत्यानं दोन्ही टायर फाडले. "पोरगी तोडीच्या ट्रकात बसनार. न्हाईतर तुझे पाय तोडतो." मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात त्याचं रगत आलं. त्यानं पोटात लाथ घातली तवाच त्याचा हात माझ्या दातांतून सुटला.

घरी भक्ती रडायली. मी तिच्यावरच खेकसले, "रडून काय दिवे लावनार हायस? पुस्तक घे!" शिवप्रसादनं टायर बदलले आन मी तिसऱ्या दिवशी परत बसले.

फेरीच्या दिवशी बोरी कधी आली कळलंबी न्हाई. मागं कडबा नव्हता, लय हलकं वाटायलं. जिंतूरला दोन केळी खाल्ली. देवगाव फाट्याच्या अलीकडं रस्ता मोकळा होता, आन मागून मोटारसायकल आली. महारुद्र! चालत्या गाडीवरूनच त्यानं लाथ हाणली. मी खडीवर घासत गेले, भुवई फुटली. तो उतरला आन माझ्या पुढच्या चाकावर उभा राहून नाचला. तारा कटाकटा तुटल्या.

"आता फिर," म्हनला.

दांडीला हवेचा लोखंडी पंप बांधलेला होता. तो उपसला आन त्याच्या गुडघ्यावर हाणला. वाकला, तसा तोंडावर हाणला. मग नाकावर. हाड वाजलं. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं. तो रांगत नालीकडं जायला लागला तरी मी पाठीत हाणतच होते.

"जीव घेतीस का काय गं!"

"व्हय! आन वहीत लिव, अर्ध्या कोयत्यानं तोडला म्हनून!"

चाक गुडघ्याखाली दाबून दाबून सरळ केलं. ब्रेकला घासत होतं, म्हनून ब्रेकच काढून फेकला. सेलू गेलं. एका डोळ्यात रगत, एका डोळ्यानं रस्ता. मांड्यांत गोळे आले तवा महारुद्राच्या सगळ्या पिढ्यांना शिव्या घातल्या आन पायडल मारले.

दिवस टेकला तवा वसतिगृहाच्या दारात पडले. विजयमालाबाई वरडल्या, "अगं, दवाखान्यात चल!"

"आधी पोरीचं नाव लिवा," म्हनलं.

त्यांनी माझ्यासमोर लिवलं आन मग पोलिसांना फोन लावायला आत गेल्या.

भक्ती पिशवी घेऊन तिथंच उभी होती. माझं तोंड बघून तिनं पिशवी टाकली, मला मिठी मारली. "मी न्हाई राहनार हितं. मी नसले की तो तुला एकटीला गाठून मारून टाकील. मी येते तोडीला."

पोरगी खरं बोलायली होती. मिठी सुटंना, आन मला ती सोडवूबी वाटंना.

मी तिच्या थोबाडीत मारली. जलमात पयल्यांदा. पाची बोटं गालावर उठली, माझ्या रगताची. तिला आत ढकललं आन बाहेरून कडी घातली.

"आई, उघड! आई गं!" ती दोन्ही हातांनी दार बडवायली. मी दाराला पाठ लावून बसले, आन ती दमून गप होईस्तोवर उठले न्हाई.