सहा नंबरचा नकाशा

नवलकिशोर शेठजी देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगतात आणि मग तोंडात टाकतात, असं टेंभुर्णीच्या बाजारात लोक म्हणत. यात चेष्टा होती, पण खोटं फारसं नव्हतं. निजामाच्या काळात त्यांनी आपली जमीन कापूस संशोधन केंद्राला दान दिली. ठेकेदाराने तिथे काळ्या मातीतच अशा इमारती उठवल्या की दोन पावसाळ्यांत भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. ठेकेदाराला सगळे विसरले. भेगांना मात्र 'शेठजींच्या भेगा' हे नाव चिकटलं. ते शेठजींच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून सत्तावन्न साली केंद्र नव्याने उभारायचं ठरलं, आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली आणि पुढे निवड समितीवर शेठजींना घेतलं, तेव्हा त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली. या खेपेला कोणाच्या बापाला फसवू द्यायचं नाही.

केंद्राच्या जुन्या दालनात नकाशे टांगले होते. कोणता कोणाचा हे कळू नये म्हणून त्यांवर नावांऐवजी नंबर होते. समितीत तिघेच होते: निवृत्त इंजिनिअर भुजंगराव अध्यक्ष, केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ धर्मराज साहेब आणि शेठजी.

सहा नंबरसमोर तिघांचेही पाय थांबले. बाकीच्यांनी प्रयोगशाळा रस्त्यालगत मोठ्या ऐटीत उभी केली होती. याने ती मागच्या कोपऱ्यात नेली होती, जिथे काळी माती संपून मुरूम लागतो. आवारातल्या पक्क्या विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून राहायच्या खोल्या त्याने ओढ्याकडच्या विहिरीपाशी घेतल्या होत्या.

"वा!" भुजंगराव म्हणाले. "हाच."

शेठजींच्या डोक्यात किडा वळवळला. "साहेब, मुरूम कुठं लागतो ह्ये परक्या माणसाला कळलंच कसं? आतल्याच कुणीतरी सांगितलं, बिलकुल." एवढं बोलून ते धर्मराज साहेबांकडे बघत राहिले.

धर्मराज साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "माझं नाव घेताय का?"

"म्या कुणाचं नाव न्हाई घेतलं."

"डोळ्यांनी घेतलंत, शेठजी."

भुजंगरावांनी हात वर केला. "उद्या सकाळपर्यंत पुरावा आणा. नसेल तर सहा नंबर जिंकला."

संध्याकाळी जेवताना शेठजी बायकोपुढे गरजत होते. लाडबाई बाटीवर तूप ओतता ओतता ऐकत होत्या. मुरूम आणि मचूळ पाणी ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"अहो, ह्ये समदं तुम्हीच तर सांगितल्तं. त्या चष्मेवाल्या पाव्हण्याला."

"कोण पाव्हणा?"

"होळीच्या आधी न्हाई का आल्ता? केंद्राची जागा बघायची म्हणला. तुम्ही त्याला गाडीत घालून समदी जमीन दाखवली, घरी आणून बाटी खाऊ घातली. त्यो बिचारा आपलं काम सांगायला तोंड उघडायचा, अन् तुम्ही बोलूच न्हाई दिलं."

शेठजींना पाव्हणा आठवला. त्यांना तो सरकी घ्यायला आलेला व्यापारी वाटला होता. भेगांची कहाणी तर त्याला किती रंगवून ऐकवली होती! आणि तेव्हा समितीचा पत्ताही नव्हता. आपण उद्याच्या परीक्षकाच्या घरी जेवतोय हे त्या गरिबाला कसं कळणार? सगळ्या गावावर पहारा ठेवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्याच तोंडाला दार नव्हतं. शेठजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गप्प बसलं असतं तर सहा नंबर सुखाने जिंकला असता. पण धर्मराज साहेबांवर आपणच उडवलेला चिखल तसाच राहिला असता.

"सांगून टाका," लाडबाई म्हणाल्या. "खरं बोलल्यानं कुणाचं वाईट होतंय?"

सकाळी शेठजींनी धर्मराज साहेबांपुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं. बाटीसकट सांगितलं. धर्मराज साहेबांना हसू फुटलं. "जाऊ द्या शेठजी. माझ्यापुरतं मिटलं."

भुजंगराव मात्र हसले नाहीत. "स्पर्धक समितीतल्या कोणाशीही जागेविषयी बोललेला असेल, तर तो बाद. नियम आहे."

"पर तवा मी समितीवर नव्हतोच, साहेब!"

"नियमात तेव्हा आणि आता असं काही नाही. काल नुसता संशय होता, तो मी झटकून टाकला असता. आज तुम्ही स्वतः साक्ष दिलीत."

शिपायाने सहा नंबर उतरवून गुंडाळला. त्याच्याखालोखाल तीन नंबर चांगला ठरला. त्यात प्रयोगशाळा रस्त्यालगतच होती.

शेठजी कळवळून पुढे झाले. "साहेब, तिथं निव्वळ काळी हाय. पावसात फुगती, उन्हाळ्यात फाटती. भिंती न्हाई टिकायच्या. त्या पोराचाच नकाशा घ्या. त्यानं बराबर केलंय."

भुजंगरावांनी चष्मा काढून त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"शेठजी, त्या पोराचा एवढा पुळका कशासाठी? त्याला नुसतं जेवूच घातलं होतं ना?"

शेठजींनी धर्मराज साहेबांकडे पाहिलं. साहेबांचं हसू मावळलं होतं. तेही आता उत्तराची वाट बघत होते.

शेठजींनी शपथ घेतली तरी ती आता कोण खरी मानणार? त्यांनी मान खाली घातली आणि तीन नंबरवर सही केली.