पेन्योनच्या टेकडीवर फ्रेंच हरतात

पाच मेला फ्रेंच हरतात. १८६२ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात हरले, आणि तिथल्याच देशातल्या पेन्योन वस्तीच्या टेकडीवर ते अजूनही दरवर्षी न चुकता हरतात. फाटक्या शेतकऱ्यांनी जगातली नावाजलेली फौज पिटाळली, त्याचा हा सण. पुढच्याच वर्षी फ्रेंच परत आले आणि शहर घेऊन बसले, तो भाग मात्र वस्तीत कुणी करून दाखवत नाही.

बासिलियो प्लंबर हा फ्रेंच सेनापती. आजोबांपासून घरात चालत आलेलं सोंग. एकतीस वर्षं तो हरत होता, शिव्या खात होता, अंगावर संत्र्याची सालं झेलत होता. एकदा तरी मेक्सिकोचा सेनापती होऊन वर निशाणाशी उभं राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण तो मान त्याच्या व्याह्यांचा, क्रेसेन्सियोचा. पंचमंडळी दरवर्षी म्हणायची, "बासिलियो, तुझ्यासारखं हरायला जमतं कुणाला?"

यंदा क्रेसेन्सियोच्या घरी फौजेला जेवण होतं. मोलेचा रस्सा असा काही जमला होता, की मेक्सिकोची अख्खी फौज पानावरून उठेना. फ्रेंच मात्र वेळेवर टेकडीखाली हजर.

"काका, वर चिटपाखरू नाही!" बेकरीवाला नेमेसियो म्हणाला.

बासिलियोने निळा कोट काढून त्याच्या अंगावर टाकला. "आजचा सेनापती तू. मी मेक्सिको."

"एकटेच?"

"तेव्हाही आपण कमीच होतो."

तो धापा टाकत वर गेला आणि निशाणाशी उभा राहिला. "बासिलियो, जिंदाबाद!" खालून लोक ओरडले. त्याला रडूच फुटलं.

फ्रेंच बार उडवत चढू लागले. अर्ध्या वाटेवरच्या निवडुंगाशी बासिलियोने "मागे फिरा!" ओरडायचं आणि सगळ्यांनी पळायचं, ही वर्षानुवर्षांची रीत. आज ओरडणारं कुणी नव्हतं. नेमेसियो निवडुंग ओलांडून खुशीत वर येत राहिला.

"अरे, पळ की आता!"

"का म्हणून? जिंकतोय की आम्ही!"

नेमेसियोचा हात निशाणापासून वीतभर राहिला. आपल्या हौसेपायी सगळ्या वस्तीदेखत मेक्सिको हरणार, हे लक्षात आलं आणि बासिलियोला घाम फुटला.

"मागे फिरा!" तो नेहमीच्या फ्रेंच आवाजात गरजला.

फौज गर्रकन वळली. एकतीस वर्षांच्या सवयीने त्याचे पायही वळले, आणि सगळ्यांच्या पुढे तोच पळत सुटला. खालच्या लोकांनी नेहमीसारखी सालं फेकली.

पायथ्याशी क्रेसेन्सियो कोटाची बटणं लावत धावत येत होता. मिशांना रस्सा तसाच. "काय व्याही, जिंकलो ना आपण?"

बासिलियोने गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला.

"जिंकलात," तो म्हणाला. "दरवर्षी तुम्हाला जिंकवतं कोण, ते आज कळलं मला."