बादलीभर समुद्र

मत्स्यालयातल्या टाकीवाल्यानं बोट टाकीत बुडवून जिभेला लावलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मीठ. नुसतं मीठ. काचेमागे त्याचं समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा तो समुद्री जीव, धुवायला टाकलेल्या मोज्यासारखं चोळामोळा होऊन पडलं होतं.

एकतीस वर्षं त्यानं ते सांभाळलं होतं, आणि एकतीस उन्हाळे, शाळेतली मुलं इंटर्नशिपला आली की त्याच्या नावानं थापा मारल्या होत्या. हे फूल माझी शीळ ओळखतं. एकदा यानं मोठ्या साहेबांचं बोट धरलं, चव आवडली नाही म्हणून सोडून दिलं. मुलं हसायची. मोठे साहेबही हसायचे, पण हात खिशात ठेवून.

यंदा ऐन निवृत्तीच्या तोंडावर मोतीबिंदूनं त्याला महिनाभर घरी बसवलं. जाताना त्यानं मुलांतल्या सगळ्यात मन लावून काम करणाऱ्या चष्मेवालीला बजावलं होतं, "समुद्र रेषेखाली गेला की रोज भरायचा. विसरलीस तर माझ्याशी गाठ आहे!"

टाकीतल्या पाण्याला तो समुद्रच म्हणायचा. भरायचं मात्र नळाचं गोडं पाणी. उकाड्यानं पाणी उडून जातं, मीठ मागंच राहतं. एवढंच सांगायचं राहिलं.

"काका, मी एक दिवस चुकवला नाही हो," चष्मेवाली दारातून म्हणाली. डोळे सुजलेले. "रविवारीसुद्धा आले. खाली खडकांपर्यंत जाऊन बादलीभर समुद्र आणायचे, अगदी ताजा. मग असं कसं झालं?"

टाकीवाल्यानं तिच्या तळहातांकडे पाहिलं. बादलीच्या कडीनं दोन्हींवर घट्टे पडले होते.

"अगं, म्हातारं झालं होतं ते. माझ्या आधी रिटायर झालं, लबाड!"

"खरंच? की थाप?"

"जन्मात एकदा खरं बोलतोय, तर ही बया विश्वास ठेवेना!"

ती कशीबशी हसली. मग पुढे आली.

"तुम्ही आत्ता चव घेतलीत ना? बघू."

तिचं बोट पाण्याला टेकायच्या आत टाकीवाल्यानं कोपरापर्यंत हात घालून तळाचं बूच ओढलं. एकतीस वर्षांचा समुद्र घळघळ मोरीकडे निघाला.

त्या ओढीनं फूल जरासं हललं. सवयीनं टाकीवाल्यानं हलकेच शीळ घातली.