काचेवरचे पांढरे किडे
माशांच्या टाकीत काचेवर दोऱ्यासारखे पांढरे किडे वळवळताना दिसले आणि लेकाचं डोकंच फिरलं. “बाबा, तुमच्या त्या फुकटच्या रोपानं ही ब्याद घरात आणली,” म्हणत त्याने टाकीतलं ते रोप मुळासकट उपटून कचऱ्यात टाकलं. शिंपीकाम सुटल्यापासून बाबा त्या रोपाची पिवळी पानं दोरे कापायच्या कात्रीने छाटत बसायचे.

संध्याकाळी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानदाराने किड्यांचा फोटो पाहून सांगितलं, “निरुपद्रवी आहेत हे. माशांच्या उरलेल्या खाण्यावर पोसतात. जरा हात आखडता घ्या.”

कामावर पळताना मूठभर खाणं ओतणारा तोच होता. मनातल्या मनात थोबाडीत मारून घेत त्याने तसलंच रोप घरी आणलं.

“छान आहे. लाव तू,” बाबा म्हणाले. टाकीशेजारची कात्री त्यांनी केव्हाच शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिली होती.