आधी घर, मग हद्द

टर्नरकाकांचे डोळे दगा देऊ लागले, पण सहा महिने त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. घरामागच्या शेडमधल्या लेथच्या डायलवरच्या रेघा दिसेनात, तरी बोलतील तर शपथ! अंदाजाने चाक फिरवायचे. मग एक दिवस कापायचं टूल लोखंड घट्ट धरून फिरणाऱ्या चकवर जाऊन आदळलं, पंधरवड्यात पुन्हा आदळलं, आणि लेकाने फर्मान काढलं, "बास झालं, बाबा. आणखी एकदा आदळलं की शेडला कुलूप." काका ताटावरून उठले. चाळीस वर्षं ज्या मशीनपाशी काढली, त्याच्याविना दिवस कसा ढकलायचा, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

सूनबाई मात्र भलतीच खटपटी. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. बाह्या सरसावून शेडमध्ये घुसली आणि दोन महिन्यांत जुन्या लेथला मोटारी, वायरी, कॉम्प्युटर जोडून मोकळी झाली.

"आता होमिंग, बाबा. चालू केल्यावर आपण कुठे आहोत तेच याला ठाऊक नसतं. म्हणून आधी घरी पाठवायचं."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखंच. उठल्यावर तासभर त्यालाही काही ठाऊक नसतं."

तिने हसत बटण दाबलं. टूल सरकत चकपासून दूरच्या टोकाला गेलं, तिथल्या स्विचला टेकलं. टक! जरासं मागे आलं, पुन्हा हळूच टेकलं. टक!

"हे घर. इथून चककडे किती जायचं, तो आकडा मी दिलाय. ही सॉफ्ट लिमिट. त्यापुढे हे जाणार नाही. तिथे आडवं काहीच नाही, नुसता आकडा."

"नुसत्या आकड्याला भितं? गुणी आहे हो!"

दहा वेळा करून बघितलं. दहाही वेळा टूल चकच्या बोटभर अलीकडे मुकाट थांबलं.

रविवारी लेक परीक्षा घ्यायला हजर. हाताची घडी, कपाळाला आठी. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर अडला. सूनबाईने सगळं बंद करून पुन्हा चालू केलं.

"एवढ्यात रुसलं?" नवऱ्याने टोमणा मारला.

ती गडबडली. घाईघाईत तिने टूल थेट चककडे सोडलं.

"थांब!" काका ओरडले. "टक झालंच नाही!"

तिने लाल बटणावर हात आपटला. टूल चकपासून नखभर अंतरावर थांबलं.

"अगं, बंद करून चालू केलंस, मग घरी कुठे नेलंस? घर नाही तर हद्द कुठली मोजणार ते?"

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आता कुलूप, काकांनी मनाशी धरलं.

"बाबा," लेक चाचरत म्हणाला, "मी डोळे फाडून बघत होतो. मला नाही कळलं. तुम्हाला कसं कळलं?"

"बघत होतास. ऐकत नव्हतास."

लेकाने कुलपाचं नावही काढलं नाही. सूनबाई डोळे पुसत काकांजवळ आली. "बाबा, मला एकटीला नाही हो जमायचं हे. तुम्ही लागालच."

आपण कुणाला लागतो, हे कित्येक दिवसांत काकांच्या कानावर आलं नव्हतं.

"बरं तर," ते खाकरून म्हणाले. "तू बघ. मी ऐकतो."

"बाबा आणि ऐकणार?" लेकाला राहवलं नाही.

"तुझं नाही रे," काका म्हणाले. "हिचं."