माह्या हातचे पास

मी नरहर. तीस वर्षं सेलूच्या शाळेत पीटी शिकवली, आता रिटायर. घरी पेपर वाचत बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण लीगवाल्याईनं महिला कबड्डीच्या चार नव्या टीम लहान शहराईत टाकल्या, त्यातली एक वर्ध्याले आली, अन् स्थानिक मॅनेजर म्हणून माह्यं नाव निघालं. मी हो म्हटलं ते दिपालीसाठी. हिंगणीची पोरगी, माह्या हाताखाली तयार झालेली. टीममध्ये एक जागा जिल्ह्यातल्या खेळाडूसाठी होती. टीम राहिली तरच दिपाली राहणार होती.

लीगचा निशांत मुंबईहून लॅपटॉप घेऊन आला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, टीव्हीचे पैसे आधी आठ टीममध्ये वाटले जायचे, आता बारांमध्ये. नव्या शहरानं आपला खर्च तिकिटांतून काढायचा. सात मॅच, सरासरी दीड हजार तिकिटं. नाही जमलं तर टीम दुसऱ्या शहरात."

"पब्लिकची फिकर करू नको बापा," मी म्हटलं.

पब्लिक आलंच. सातही मॅचले पाय ठेवाले जागा नाई. पण विकलेली तिकिटं दर वेळी तीनशेच्या आसपास. बाकीच्याईले पास मीच वाटले ना! बँकेतला योगेंद्र, औषधीवाला, व्याही, व्याह्याचे साडू, जुने विद्यार्थी. ओळखीच्या माणसाले शंभराचं तिकीट फाडून देऊ? मंग बाजारात तोंड कसं दाखवू?

शेवटच्या मॅचले दिपाली एका चढाईत तिघींले मारून आली. सारं स्टेडियम उठलं. आपल्याकडं खेळ आवडला का बक्षीस देतेत. माईकवर नावं सुरू झाली. "यशोदाबाईंकडून पाचशे एक! रूपरावजी, हजार एक!" फुकटात आत आलेल्या योगेंद्रनंही पाचशे देले. मी डोक्याले हात लावून बसलो.

"हे पैसे कशात धरायचे?" निशांतनं विचारलं.

"ते तिच्या खेळाचे."

"मग मला उपयोग नाही. सर, एवढी गर्दी मी मोठ्या शहरांतही नाही पाहिली. पण कागदावर तुमचं स्टेडियम रिकामं आहे." पोरगा वाईट नव्हता. तोही थकलाच होता.

तेवढ्यात दिपाली आली. दोन्ही मुठीत नोटा. "एवढ्याचे तिकिटं फाडा ना, दादा."

"मॅच संपली, दिपाली. संपलेल्या मॅचचं तिकीट विकता येत नाही."

ती माह्याकडं वळली. डोळ्यात राग नव्हता, तेच मले जड गेलं. "सर, तुमच्या घरून कोण आलं होतं?"

"सगळेच. तुही काकू, सून, नातू."

"तिकीट काढून?"

रुमालासाठी खिशात हात घातला, तर उरलेले अकरा पास हाताले लागले.